पावणेतीन मिनिटांचा अंधार: 'लाइट्स आउट' या लघुभयपटाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका कोणता चित्रपट? २०१६ साली थिएटरमध्ये आला होता तोच का?

नाव एकच, पण चित्रपट दोन आहेत. पहिला २०१३ चा. स्वीडनचा दिग्दर्शक डेव्हिड सँडबर्ग आणि त्याची बायको लोटा लोस्टेन या दोघांनी तो आपल्या राहत्या घरात, खिशात पैसे नसताना केला. लांबी जेमतेम पावणेतीन मिनिटं, पडद्यावर एक बाई आणि संवाद एकही नाही. दुसरा २०१६ चा हॉलिवूडपट, तो याच कल्पनेवर उभा आहे. इथली उत्तरं मुख्यतः पहिल्याविषयी आहेत. माझ्या मते रोजच्या वापरातल्या वस्तूवर बेतलेल्या लघुभयपटांमध्ये याच्या तोडीचा दुसरा नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

गोष्ट काय आहे? (शेवटही सांगितला आहे. चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहून या.)

रात्रीची वेळ. एक बाई झोपायच्या तयारीत आहे. ती पॅसेजमधला दिवा बंद करते आणि पॅसेजच्या टोकाला तिला एक आकृती उभी दिसते. दिवा लावते, कोणी नाही. बंद करते, आकृती आहे. पुन्हा लावते, पुन्हा बंद करते. मग एका वेळी दिवा बंद केल्यावर ती आकृती अगदी हाताच्या अंतरावर आलेली असते.

बाई घाबरून बटणावर चिकटपट्टी लावते, म्हणजे दिवा लागलेलाच राहील. पलंगावर जाते, उशाशी दिवा चालू ठेवते. बाहेर हालचाल ऐकू येते. पॅसेजमधला दिवा जातो. ती पांघरुणात शिरते. उशाचा दिवा फडफडायला लागतो, ती हात लांबवून सैल झालेली पिन भिंतीत घट्ट बसवते. उजेड स्थिर होतो, तिचा जीव भांड्यात पडतो. आणि ती वळते तर दिव्याच्या शेजारीच तो चेहरा असतो. तो दिवा बंद करतो.

एवढ्याशा चित्रफितीचं इतकं नाव कसं झालं?

'ब्लडी कट्स' नावाच्या ब्रिटिश गटाने छोट्या भयपटांची स्पर्धा ठेवली होती, तिच्यासाठी हा केला होता. सँडबर्गला तिथे दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं. त्यानंतर काही काळाने लोक तो एकमेकांना पाठवू लागले आणि बघता बघता तो जगभर पोचला. भाषेची अडचण नव्हती हे त्यामागचं एक मोठं कारण. बटण दाबलं की दिवा लागतो हे कोणालाही उपशीर्षकात वाचावं लागत नाही.

पुढे हॉलिवूडमधून विचारणा झाली. जेम्स वान निर्माता म्हणून आला आणि २०१६ मध्ये सँडबर्गनेच मोठा चित्रपट केला. त्याचा खर्च सुमारे ४९ लाख डॉलर आणि जगभरची तिकीटविक्री १४ कोटी डॉलरच्या वर. त्यानंतर त्याने 'अ‍ॅनाबेल: क्रिएशन' (२०१७) आणि 'शझॅम!' (२०१९) केले.

दिव्याचं बटण हे काय 'तंत्रज्ञान' आहे? त्यात घाबरण्यासारखं काय?

घाबरण्यासारखं त्यात काही नाही, आणि चित्रपटाचं सगळं बळ तिथेच आहे.

घरातल्या सगळ्या यंत्रांमध्ये आपण ज्याच्यावर सर्वात कमी विचार करतो ते हे बटण. फोन हँग होतो, वायफाय जातं, टीव्हीचा रिमोट ठोकावा लागतो. बटणाचं तसं नसतं. १८८४ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये जॉन हेन्री होम्सने झटक्यात तुटणाऱ्या जोडणीचं बटण तयार केलं. त्याआधी बटण हळू उघडलं की दोन धातूंच्या मधल्या फटीत ठिणगी रेंगाळायची आणि जोडणी जळून जायची. होम्सच्या रचनेत स्प्रिंग ती जोडणी एका क्षणात तोडते. आपल्या बोटाखाली जो 'खट्' आवाज येतो तो या स्प्रिंगच्या झटक्याचा. म्हणजे चालू आणि बंद यांच्यामध्ये तिसरी अवस्था राहू नये, यासाठीच ही वस्तू घडवलेली आहे.

आता चित्रपट पुन्हा आठवा. बाई जितक्या वेळा बटण दाबते तितक्या वेळा ते आपलं काम चोख करतं. बटणात बिघाड कुठेच नाही. दाबलं की उजेड, दाबलं की अंधार. त्या आकृतीचा नियमही तितकाच साफ आहे: उजेडात नाही, अंधारात आहे. यंत्र बिघडलं असतं तर आपण म्हटलं असतं, वायरिंग बघून घ्या. इथे यंत्र खरं बोलतंय, आणि त्यामुळेच आपली सुटका होत नाही.

या प्रकारच्या सगळ्या चांगल्या चित्रपटांना मी हीच एक कसोटी लावतो. यंत्र खोटं बोलायला लागलं, आपोआप वेडंवाकडं वागायला लागलं, की भीती पातळ होते. यंत्र आपलं ठरलेलं काम इमानाने करत राहिलं आणि त्या इमानातून काहीतरी भयंकर उघडं पडलं, की रात्री झोप लागत नाही.

पण अंधारात काहीतरी दिसणं हे तर नेहमीचंच. यात वेगळं काय?

वेगळं हे की तो अंधार कसा येतो. दिवा बंद केल्यानंतरचे पहिले काही क्षण आपण जवळजवळ आंधळे असतो. डोळ्याच्या पडद्यावर उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशी आणि अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी अशा दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशींना पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि एकदा का लख्ख उजेड डोळ्यांवर पडला की तो सराव बराचसा वाया जातो. म्हणजे ती बाई दिवा लावते आणि मालवते, लावते आणि मालवते, तेव्हा दर वेळी ती स्वतःच्या डोळ्यांना पुन्हा पहिल्या पायरीवर नेऊन ठेवते. खात्री करून घ्यायची तिची धडपडच तिची नजर अधू करते.

दुसरी गोष्ट याहून वाईट. डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी, जिथे आपल्याला सर्वात स्पष्ट दिसतं, तिथे दंडपेशी नसतात. त्यामुळे गडद अंधारात एखाद्या अंधुक गोष्टीकडे थेट पाहिलं तर ती नाहीशी होते, आणि नजर जराशी बाजूला नेली की पुन्हा दिसते. ज्यांनी गावाकडे रात्री फिकट तारे पाहिलेत त्यांना हा अनुभव आहे. कोपऱ्यात काहीतरी दिसलं आणि बघायला गेलो तर नव्हतं, ही भुताच्या गोष्टींमधली जुनी तक्रार डोळ्याच्या रचनेत बसते.

महाराष्ट्रात ज्यांचं बालपण लोडशेडिंगमध्ये गेलं त्यांना अंधाराची सवय आहे, हे मी वारंवार ऐकतो. पण तो अंधार बाहेरून यायचा, सगळ्या आळीवर एकदम यायचा, आणि लोक ओट्यावर येऊन गप्पा मारत बसायचे. या चित्रपटातला अंधार ती बाई एकटीने, आपल्या बोटाने आणते.

ती बाई पळून का जात नाही?

हा प्रश्न प्रत्येक भयपटाला विचारला जातो, पण इथे तो लागू पडत नाही असं माझं मत आहे. ती अगदी शहाण्या माणसासारखी वागते. दिसलेल्या गोष्टीची पुन्हा पुन्हा पडताळणी करते, नियम ओळखते आणि त्या नियमाप्रमाणे उपाय करते: बटणावर चिकटपट्टी. आपणही याहून वेगळं काय केलं असतं? दरवाजा उघडून पळायचं तर मधे तोच पॅसेज आहे.

ती आकृती कोणाची? भूत, राक्षस, की बाईच्या मनाचा खेळ?

चित्रपट सांगत नाही. न सांगण्यामुळे त्याचं काही बिघडलेलं नाही.

मग २०१६ च्या चित्रपटात सांगितलंय ना? तो पाहावा का?

सांगितलंय. तिथे तिला डायना हे नाव आहे, पूर्वायुष्य आहे, मनोरुग्णालय आहे, उजेड सहन न होणारी त्वचा आहे. एका आईच्या नैराश्याशी तिचं अस्तित्व बांधलेलं आहे. पटकथा एरिक हायसररची आहे. एकदा पाहायला हरकत नाही. सुरुवातीच्या गोदामातल्या प्रसंगात लोटा लोस्टेन आहे, आणि तो प्रसंग लघुपटाच्या सर्वात जवळचा.

पण स्पष्ट बोलायचं तर मला लघुपटच मोठा वाटतो. पावणेतीन मिनिटं नियम पुरतो, कारण लागत नाही. दीड तास लोकांना बसवून ठेवायचं तर कारण द्यावं लागतं, आणि कारण आलं की त्या कारणावर इलाजही येतो. भीतीचं रूपांतर अडचणीत होतं. शिवाय आजारी मनाच्या माणसाशी भूत जोडण्यात एक धोका आहे, आणि मोठा चित्रपट शेवटाकडे जाताना त्या धोक्याशी फार बेफिकिरीने वागतो. शेवट उघड करत नाही, पण घरात कोणी नैराश्याशी झगडत असेल तर हा चित्रपट त्यांच्यासोबत सहज म्हणून लावू नका.

यंत्र आणि भुतं यांची सांगड पहिल्यांदा कधी घातली गेली?

यंत्रं आली तेव्हाच. १८४४ साली वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तारेने पहिला जाहीर संदेश गेला. चारच वर्षांनी, १८४८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावात फॉक्स बहिणींच्या घरी 'ठकठक' ऐकू येऊ लागली आणि त्या ठोक्यांतून मेलेला माणूस बोलतो असा बोभाटा झाला. ठोक्यांच्या सांकेतिक भाषेत दूरचा माणूस बोलू शकतो हे लोकांनी नुकतंच पाहिलं होतं. मग त्याहून दूरचा का बोलू नये? पुढे त्या बहिणींपैकी एकीने हा सगळा बनाव असल्याची जाहीर कबुली दिली, पण तोवर त्या ठोक्यांतून एक मोठा पंथ उभा राहिला होता.

मग छायाचित्रण आलं. बॉस्टनमध्ये विल्यम मम्लर १८६० च्या दशकात लोकांचे फोटो काढायचा आणि त्यात मागे त्यांचे मृत नातेवाईक धूसर दिसायचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात घरोघरी माणसं गेली होती, त्यामुळे गिऱ्हाइकांची कमतरता नव्हती. १८६९ मध्ये न्यूयॉर्कात त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला, सर्कसवाला बार्नम त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला, तरीही मम्लर सुटला. एकाच काचेवर दोनदा चित्र उमटवता येतं, हे आज शाळेतल्या मुलालाही कळेल. तेव्हाच्या लोकांचा भरवसा मात्र हाच होता की कॅमेरा खोटं बोलत नाही.

१९५९ मध्ये स्वीडनच्याच फ्रीड्रिख युर्गेन्सनने पक्ष्यांचे आवाज टेपवर ध्वनिमुद्रित केले आणि ऐकताना त्याला त्यात माणसांचे आवाज सापडले. त्यातून टेपवर मृतांचे आवाज शोधणारी एक चळवळच सुरू झाली. या सगळ्यांमध्ये मला एक गोष्ट समान दिसते. लोक यंत्राला शंकेने पाहत नव्हते, त्याच्यावर फाजील विश्वास टाकत होते. माणसाचे कान फसतील, टेप कशी फसेल?

व्हिडिओ कॅसेटवाला जपानी चित्रपट याच जातीचा का?

होय, आणि त्या जातीतला सर्वात मोठा. हिदेओ नाकाताचा 'रिंगू' १९९८ मध्ये आला, कोजी सुझुकीच्या १९९१ च्या कादंबरीवरून. कॅसेट पाहिली की सात दिवसांत मरण, आणि सुटका एकाच मार्गाने: कॅसेटची प्रत काढून दुसऱ्याला दाखवायची. व्हीसीआर हे यंत्र कॅसेट दाखवण्यासाठी आणि चित्र मुद्रित करण्यासाठीच होतं, आणि दोन जोडले की कॅसेटची प्रत निघायची. त्या काळी घरोघरी कोणाच्या तरी लग्नाची, कुठल्या तरी सिनेमाची प्रत काढून देणं चालायचंच. शाप त्याच वाटेने पसरतो. यंत्राला एकही जास्तीचं काम सांगितलेलं नाही.

'रिंगू'च्या शेवटी टीव्हीतून बाहेर येणाऱ्या सादाको या भुताची ती अंग आक्रसून टाकणारी चाल कशी साधली हे अनेकांना माहीत नसतं. कलाकार रिए इनोओ प्रत्यक्षात उलटी चालत गेली आणि ते चित्रण उलटं फिरवलं. पाय पुढे पडतात, पण तोल मागे जाणाऱ्या माणसाचा असतो. डोळ्याला चूक कळते, बोट ठेवता येत नाही.

त्यामागून इंटरनेटवर बेतलेला कियोशी कुरोसावाचा 'काइरो' (२००१) आणि मोबाइलवर बेतलेला ताकाशी मीकेचा 'चाकुशिन आरी' (२००३) आला. 'काइरो' संथ आहे, चिकाटीने पाहावा लागतो, पण एकटेपणावर त्याच्याइतकं खोल जाणारा भयपट मी पाहिलेला नाही.

लॉकडाउनमध्ये व्हिडिओ कॉलवर केलेला एक चित्रपट होता, तो कोणता?

'होस्ट', २०२०, दिग्दर्शक रॉब सॅव्हेज. जवळपास ५७ मिनिटांचा, त्यामुळे लघुपट आणि पूर्ण चित्रपट यांच्या मधला. ब्रिटनमध्ये सगळे घरात अडकलेले असताना कलाकारांनी आपापल्या घरी स्वतः कॅमेरे लावले आणि दिग्दर्शकाने दूरवरून चित्रण केलं. गोष्ट अशी की काही मैत्रिणी आणि एक मित्र झूमवर जमून प्लँचेटसारखा प्रयोग करतात.

माझ्या कसोटीला हा पुरेपूर उतरतो. एका प्रसंगात चेहऱ्यावर गमतीचे मुखवटे चढवणारा फिल्टर चालू असतो आणि तो रिकाम्या जागेत जाऊन चिकटतो. फिल्टरचं काम चेहरा शोधणं. त्याने शोधला. दुसऱ्या प्रसंगात एकीने पार्श्वभूमी म्हणून स्वतःच्याच खोलीत फिरतानाची चित्रफीत लावलेली असते आणि ती पुन्हा पुन्हा फिरत राहते, पुढे काय घडतंय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आणि फुकटच्या मीटिंगची वेळ संपत आल्याची सूचना! ज्यांनी २०२० मध्ये ऑनलाइन वर्ग आणि साखरपुडे त्या मर्यादेत उरकलेत त्यांच्या पोटात ती सूचना पाहून वेगळाच गोळा येतो.

एकदम दचकवणं ही हलकी युक्ती नाही का?

युक्ती वापरण्यावर आहे. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री रस्त्याने चालली आहे, मागे कोणीतरी येतंय. पावलांचा आवाज वाढतो, शांतता ताणली जाते, आणि अचानक हिंस्र श्वापदासारखा फुत्कार येतो. तो असतो बसचा. निर्माता व्हॅल ल्यूटन, म्हणून आजही धंद्यातले लोक अशा फसव्या दचक्याला 'ल्यूटन बस' म्हणतात. बस वेळेवर आली, बाईसमोर थांबली, दार उघडलं. तीसुद्धा आपलं कामच करत होती.

'लाइट्स आउट'मध्ये शेवटचा दचका आहे, पण त्याआधी दोन मिनिटं नियम समजावून सांगण्यात गेली आहेत. म्हणून तो वसूल होतो. नुसता कानठळ्या बसवणारा आवाज लावून दचकवणं हे टाळी वाजवून झोपलेल्याला उठवण्याइतकं सोपं आहे.

खऱ्या घरात एखाद्या यंत्रामुळे भुताचा भास होऊ शकतो का?

एक गाजलेलं उदाहरण आहे. विक टँडी हा इंग्लंडमधला अभियंता एका प्रयोगशाळेत काम करायचा. तिथे लोकांना अस्वस्थ वाटायचं, घाम फुटायचा. एकदा त्याला स्वतःला नजरेच्या कडेला एक करडी आकृती सरकताना दिसली. वळून पाहिलं तर काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचं पातं दुरुस्तीसाठी शिकंज्यात अडकवलं, तर ते आपोआप थरथरायला लागलं. शोध घेतल्यावर कळलं की नव्याने बसवलेल्या एक्झॉस्ट पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांची लहर उभी राहते. एवढा खालचा आवाज कानाला ऐकू येत नाही. पंख्याची जोडणी बदलली आणि अस्वस्थताही गेली. १९९८ मध्ये त्याने यावर एका सहकाऱ्यासोबत निबंध प्रसिद्ध केला. नंतरच्या अभ्यासकांनी यावर शंकाही घेतल्या आहेत, तेव्हा घरात भास झाला की लगेच पंख्यावर आळ घेऊ नका.

आरशाचा अनुभव मात्र कोणालाही घेता येतो. इटलीच्या जोव्हानी कापुतोने २०१० मध्ये दाखवून दिलं की मंद उजेडात आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे काही मिनिटं एकटक पाहिलं तर अनेकांना चेहरा विद्रूप होताना किंवा तिथे परकाच चेहरा दिसतो. एकाच ठिकाणी खिळलेल्या नजरेला तपशील पुसट होत जातात आणि मेंदू रिकाम्या जागा आपल्या मनाने भरतो.

लहान मुलांनी पाहिला तर चालेल का?

नको. रक्तपात नाही, शिव्या नाहीत, पण रोज रात्री ज्या बटणाशी गाठ पडते त्याचीच भीती बसते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला महिनोन्महिने दिवा लावून झोपायला लागणं हा अगदी शक्य परिणाम आहे.

उघडझाप करणाऱ्या दिव्यांचा त्रास होणाऱ्यांनी पाहावा का?

अपस्मार असलेल्या काही रुग्णांना झपझप लुकलुकणाऱ्या उजेडाने झटका येऊ शकतो. साधारणपणे सेकंदाला ३ ते ३० या वेगाची उघडझाप धोक्याची मानली जाते. या लघुपटातलं बटण बरंच सावकाश चालतं, पण उशाचा दिवा फडफडतो. डॉक्टरांनी अशा उजेडापासून जपायला सांगितलं असेल तर टाळा. आणि तुम्ही स्वतः असा चित्रपट करत असाल तर सुरुवातीला सूचना टाका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट ठेवू नका.

आम्हाला मोबाइलवर असा लघुपट करायचा आहे. काय काळजी घ्यावी?

आधी कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवा. दिवा चालू असतानाचा एक शॉट आणि बंद असतानाचा दुसरा शॉट घ्या, मधल्या वेळात माणसाने येऊन उभं राहायचं किंवा निघून जायचं, आणि बटणाच्या आवाजावर दोन्ही जोडायचे. १८९६ मध्ये जॉर्ज मेलिएसने बाई गायब करून दाखवली ती याच युक्तीने. अट एकच, कॅमेरा केसभरही हलता कामा नये. घाबरणारा माणूस आणि ती आकृती दोन्ही एकाच चौकटीत हवे असतील तर एकदा डावी बाजू आणि एकदा उजवी बाजू चित्रित करून मधोमध शिवण घालता येते. भिंतीची कड किंवा दाराची चौकट त्या शिवणीसाठी सोयीची.

मोबाइलचा सर्वात मोठा शत्रू त्याचं आपोआप जुळवून घेणं. दिवा गेला की फोन लगेच चित्र उजळवायला बघतो आणि तुमचा काळोख राखाडी, दाणेदार होतो. म्हणून एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही लॉक करा. खरोखरच्या अंधारात चित्रण करूही नका. मागच्या खोलीत एक दिवा ठेवा म्हणजे आकृतीची बाह्यरेषा मिळेल, आणि पुढचा काळोख कलर ग्रेडिंग करताना, म्हणजे नंतर संगणकावर रंग-उजेड जुळवताना, गडद करा.

पट्टे दिसतात अशी तक्रार नेहमी येते. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर आणि वेग सेकंदाला २५ चौकटी ठेवला तर पट्टे बहुतेक वेळा जातात. अगदी स्वस्तातले एलईडी तरीही त्रास देतात, तेव्हा दिवा बदलून पाहा.

आवाज वेगळा मुद्रित करा. बटणाचा खट्, पंख्याची घरघर, रात्रीच्या खोलीतली नुसती शांतता. संगीताचा मोह टाळता आला तर उत्तम.

कल्पना कुठून आणायची? दिव्याचं बटण तर वापरून झालं.

आपल्या घरात आणि इमारतीत बघा. अशी वस्तू शोधा जी एकच काम करते आणि त्यात कधी चुकत नाही.

विजेचा मीटर घ्या. त्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी आकडा छापलेला असतो, अनेक मीटरांवर ३२००. म्हणजे एक युनिट वीज जळली की तो ३२०० वेळा लुकलुकतो. घरात हजार वॅटचा गीझर चालू असेल तर साधारण सव्वा सेकंदाच्या आत एकदा. आता कल्पना करा, कुटुंब गावी निघालंय. फ्रिज रिकामा करून बंद केला, सगळी बटणं बंद केली, कुलूप लावलं. जिन्याखाली मीटरच्या पेटीशी बॅग ठेवताना नजर जाते, आणि आपल्या मीटरचा दिवा संथपणे लुकलुकतोय. मग वेग वाढतो. वर घरात कोणीतरी एकेक वस्तू चालू करतंय. मीटर फक्त मोजतोय.

किंवा जुन्या इमारतीतली जाळीच्या दाराची लिफ्ट. दार नीट लागलं नाही की ध्वनिमुद्रित बाईचा आवाज 'कृपया दरवाजा बंद करें' म्हणत राहतो. रात्री दोन वाजता तो आवाज वरच्या मजल्यावरून यायला लागला तर त्याचा अर्थ एवढाच की कोणीतरी वर उतरलं आणि दार उघडं टाकून गेलं. वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही हे फक्त तुम्हाला माहीत आहे. पुढचं दृश्य मी सुचवत नाही, पण लिफ्टला बोलण्यापलीकडे काहीही करायला लावू नका. ती आपोआप वरखाली धावायला लागली की मेहनत पाण्यात गेली.

सोसायटीचा इंटरकॉम, टाकी भरली की मोटर बंद करणारा तरंगता चेंडू, लाइट गेल्यावर बीप करणारा इन्व्हर्टर. प्रत्येकाचा नियम कागदावर एका वाक्यात लिहून काढा. दोन वाक्यं लागत असतील तर ती वस्तू सोडा.

हे आवडलं. यानंतर काय पाहू?

सँडबर्ग आणि लोस्टेनचेच आणखी लघुपट आहेत. 'कॅम क्लोजर' (२०१३) फोनच्या कॅमेऱ्यावर आहे. 'शॅडोड' (२०२०) दोघांनी लॉकडाउनमध्ये घरातच केला: वीज गेलेली, हातात टॉर्च, आणि भिंतीवर अशा वस्तूंच्या सावल्या ज्या खोलीत नाहीतच. त्यानंतर जेकब चेसचा 'लॅरी' (२०१७) पाहा, रात्रपाळीला एकटाच बसलेला पार्किंगवाला आणि हरवलेल्या सामानात सापडलेला टॅबलेट. त्यावरून २०२० मध्ये 'कम प्ले' आला. नॉर्वेच्या लार्स क्लेव्हबर्गचा 'पोलरॉइड' (२०१५) फोटोच्या कॅमेऱ्यावर आहे. तो मी 'लॅरी'च्या एक पायरी खाली ठेवेन. 'रिंगू' आणि 'होस्ट' शेवटी, आणि 'होस्ट' शक्यतो लॅपटॉपवर, हेडफोन लावून.